चिखलदऱ्याआधी अचलपूर

अकोल्याहून चिखलदऱ्याला निघालेली गाडी अकोट, अंजनगाव करत परतवाड्याला येते, चहाला थांबते आणि घाटाला लागते. वर गाविलगड. शार्दूल दरवाज्यावरचं गंडभेरुंड पाहायचं, फोटो काढायचे, संध्याकाळी घरी. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. आता कळकळीने सांगतो, गड पाहता तसं गडाच्या धन्याचं गावही पाहा. ते परतवाड्याला लागूनच आहे. अचलपूर, वऱ्हाडाची जुनी राजधानी.

गडाचा हा धनी म्हणजे वऱ्हाडचा फत्तेउल्ला इमादुल्मुल्क. 1490 मध्ये तो बहमनी राज्यातून वेगळा झाला. 1574 मध्ये निजामशाहीने वऱ्हाड घेईपर्यंत त्याची इमादशाही टिकली. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडच्या हिंदू घरातला, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. गंडभेरुंड हे विजयनगरचंही चिन्ह; दरवाज्यावरचं ते दुतोंडी पाखरू पाहताना हे आठवावं. पण गाव त्याहून फार जुनं. बाराव्या शतकात गुजरातेतल्या हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात या एका नावासाठी नियम घातला : यात 'च' आणि 'ल' जागा बदलतात, अचलपूरचं अलचपूर होतं. आपले आजे-पणजे एलिचपूर म्हणत, ते याच वळणाचं. लोकांच्या तोंडचं नाव इतक्या दूरच्या पंडितापर्यंत पोचलं, म्हणजे या गावाचा राबता केवढा असेल!

हौज कटोरा तर बघाच, तळ्यातला तो आठकोनी मनोरा चुकवू नये. मात्र तिथूनच परत फिरू नका. दुल्हा गेटमधून पायी आत शिरा. दुल्हा रहमान शहांच्या दर्ग्यात डोकं झाकून जा. सापन आणि बिच्छन नद्या कुठून वाहतात ते विचारा. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांशी बोला. एलिचपूर ज्याच्या नावाचं म्हणतात, त्या ईल राजाची गोष्ट पुस्तकात वाचण्यापेक्षा त्यांच्या तोंडून ऐकावी. जुन्या परकोटाच्या आत माणसं नांदताहेत, तेव्हा कुणाच्या दारात विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि दगडावर नाव कोरू नका.

एके काळी आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरातून शकुंतला रेल्वे थेट अचलपूरला नेत असे. आता ती बंद आहे, पण रस्ता चांगला आहे. मुलांना सोबत न्या, एक अख्खा दिवस फक्त या गावाला द्या. परतवाड्यात चहा जरूर घ्या आणि चहा झाला की घाटाकडे न जाता गाडी आधी अचलपूरकडे वळवा.