गुडघ्याला श्रेणी कळत नाही

फुटबॉल म्हटले की मेस्सी आणि रोनाल्डो ही दोन नावे आपल्याकडे शाळकरी पोरेही घेतात. त्यांच्या पायाला लचक भरली तरी ती जगभर बातमी होते. पण युरोपात फुटबॉल खेळून पोट भरणारे हजारो खेळाडू असे आहेत की ज्यांचे नाव शेजारच्या गावालाही ठाऊक नसते. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या श्रेणीतले हे संघ. आज फिनलंडमध्ये एक हंगाम, पुढे नॉर्वेत, नंतर अल्बानियात. करार संपला की बॅग उचलायची आणि नवा संघ शोधायचा. अशा माणसाला मी पोटार्थी खेळाडू म्हणतो, आणि हा शब्द मी आदरानेच वापरतो आहे.

आरोग्याच्या सदरात त्याची आठवण काढण्याचे कारण आहे. विश्रांती हे औषध आहे, असे आम्ही डॉक्टर मंडळी रोज सांगतो. ते औषध नेमके कोणाला परवडते, हे या खेळाडूंकडे पाहिले की चटकन कळते.

लुट्झ फानेनश्टील या जर्मन गोलरक्षकाचे उदाहरण घेऊ. १९७३ मध्ये बव्हेरियातील त्स्वीझेल या छोट्या गावात त्याचा जन्म झाला. वीस-एक वर्षांच्या कारकिर्दीत तो पंचवीसहून अधिक संघांकडून खेळला. जर्मनी, इंग्लंड, फिनलंड, नॉर्वे, अल्बानिया, आर्मेनिया. शिवाय मलेशिया, सिंगापूर, न्यूझीलंड, कॅनडा. २००८ मध्ये तो ब्राझीलमधील एका संघात दाखल झाला आणि फिफाच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला पहिला खेळाडू ठरला. ऐकायला मोठे गंमतीचे वाटते. पण एवढ्या संघांचा अर्थ असा की, एवढ्या वेळा नवे घर, नवी भाषा, नवा डॉक्टर. आणि जुन्या दुखण्याची हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगणे.

२००२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड पार्क अॅव्हेन्यू या खालच्या श्रेणीतील संघाकडून हॅरोगेट टाउनविरुद्ध खेळत होता. चेंडूसाठी झेपावताना प्रतिस्पर्धी खेळाडूशी जबरदस्त टक्कर झाली. तो कोसळला आणि त्याचा श्वास थांबला. एकदा नव्हे, तीनदा. संघाच्या फिजिओथेरपिस्टने तोंडाने श्वास देऊन त्याला जगवले. फानेनश्टील त्यातून बरा झाला, पुन्हा मैदानात उतरला आणि त्यानंतर कित्येक वर्षे खेळला.

या घटनेत आम्हा डॉक्टरांना दिसते ते असे की, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते. रुग्णवाहिका येईपर्यंत माणूस वाचतो तो जवळच्या माणसाच्या हातांनी. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिकसन सामना चालू असताना कोसळला, तेव्हा डॉक्टरांचे पथक आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र हाताशी होते. तो वाचला आणि २०२२ मध्ये पुन्हा खेळू लागला. राष्ट्रीय संघाच्या सामन्याला एवढा सरंजाम असतो. खालच्या श्रेणीत बहुतेक वेळा एक माणूस आणि त्याची पिशवी एवढाच दवाखाना. फानेनश्टीलच्या नशिबाने तो माणूस जाणता निघाला. पण जीव नशिबावर सोडायचा नसतो.

आता गुडघ्याकडे वळू. गुडघ्यातला मुख्य लिगामेंट, म्हणजे मांडीचे व नडगीचे हाड जागच्या जागी धरून ठेवणारा बंध, फुटबॉलमध्ये अनेकदा तुटतो. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतल्यास गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचा धोका बराच वाढतो. नव्या बंधाला रक्तपुरवठा होऊन तो मजबूत व्हायला तेवढा काळ लागतोच. पहिल्या श्रेणीतल्या खेळाडूला नऊ महिने आणि चौथ्या श्रेणीतल्याला चार, असा भेद शरीर करीत नाही.

भेद करतो तो करार. व्यावसायिक खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना फिफप्रो हिने २०१६ मध्ये ५४ देशांतील सुमारे १४ हजार खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. कराराची सरासरी मुदत दोन वर्षांहूनही कमी निघाली. ४१ टक्के खेळाडूंना आधीच्या दोन हंगामांत पगार उशिरा मिळाला होता. ४५ टक्क्यांहून अधिक खेळाडूंची कमाई महिना हजार डॉलरपेक्षा कमी होती. ज्याचा करार जूनमध्ये संपणार आहे, त्याला जानेवारीत नऊ महिने विश्रांती लिहून देणे म्हणजे चूल बंद ठेवा असे लिहून देणे होय. मग तो काय करणार? पट्टी आवळणार, गोळी घेणार आणि खेळणार.

गोळीची सवय तर वरपर्यंत पोहोचली आहे. २०१० च्या विश्वचषकात ३९ टक्के खेळाडू प्रत्येक सामन्याआधी वेदनाशामक घेत होते, असे फिफाच्याच डॉक्टरांना आढळले. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या सूज व दुखणे कमी करतात. पण मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह टिकवणारी शरीरातील द्रव्येही त्या रोखतात. जोरदार श्रमात रक्त स्नायूंकडे धावते, घामाने पाणी कमी होते, आणि नेमक्या त्याच वेळी गोळी मूत्रपिंडाचा उरलासुरला आधार काढून घेते. क्रोएशियाचा इव्हान क्लास्निच हा मोठ्या संघाचा खेळाडू. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. २००७ मध्ये आईचे मूत्रपिंड शरीराने नाकारले, मग वडिलांचे बसवावे लागले. रक्ततपासणीत बिघाडाची चिन्हे असूनही आपल्याला वेदनाशामके दिली गेली, असा त्याचा न्यायालयात दावा होता. २०२० मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले. ज्याच्या दिमतीला डॉक्टर होते त्याची ही गत, तर ज्याची रक्ततपासणी कोणी करीतच नाही त्याचे काय?

मनाचेही तेच. फिफप्रोच्या २०१५ च्या पाहणीत ६०७ खेळत्या खेळाडूंपैकी ३८ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा चिंतेची लक्षणे दिसली. तीन वा अधिक गंभीर दुखापती झालेल्यांत हे प्रमाण आणखी जास्त होते. रिकाम्या खोलीत, परक्या देशात, सुजलेला पाय उशीवर ठेवून पुढच्या कराराची वाट पाहणाऱ्या माणसाला झोप कशी लागावी?

कोणी म्हणेल, हा त्यांनी आवडीने निवडलेला धंदा आहे, जोखीम त्यांनीच घ्यावी. मला हे पटत नाही. आवडीने काम करणाऱ्याची हाडे काही वेगळ्या मातीची नसतात. दुखापतीच्या काळातला पगार ही मेहेरबानी नसून उपचाराचा भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लॅस्टरचा खर्च द्यायचा आणि प्लॅस्टरमधल्या महिन्यांची भाकरी नाकारायची, हा अर्धवट इलाज झाला. खेळाडू दुरुस्त होईपर्यंत करार तुटणार नाही, अशी अट प्रत्येक श्रेणीत हवी.

वाचकहो, ही गोष्ट दूरच्या देशाची खरी, पण दुखण्याचा हिशेब सगळीकडे सारखाच. माझ्याकडे येणारे हमाल, ट्रकचालक, ऊसतोडणी कामगार औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी घेऊन कामावर जातात, तेव्हा त्यांच्यापुढेही तोच प्रश्न असतो. म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी आणि उन्हातान्हात पाणी न पिता घेऊ नका. सलग काही दिवस लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. अंगावर सूज, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसली तर थांबू नका. मुलाचा गुडघा खेळताना 'कट्' असा आवाज होऊन सुजला, तर चोळून घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

तालुक्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनाही एक विनंती आहे. चषकांच्या खर्चात थोडी काटकसर करा, पण मैदानाच्या कडेला जीव वाचवण्याचे प्रशिक्षण घेतलेली दोन माणसे ठेवा. खेळाडू कोसळला, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, असे दिसताच १०८ ला फोन करावा. लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांच्या तळव्यांनी, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाब देत राहावे, मदत येईपर्यंत. हे शिकायला एक दुपार पुरते.