विस्मृतीच्या रंगमंचावर

एप्रिल २०१४. लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात इंग्लिश नॅशनल बॅले या संस्थेने 'लेस्ट वी फर्गेट' म्हणजे 'विसर न व्हावा' या नावाने एक संध्याकाळ सादर केली. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीचे ते वर्ष होते. संस्थेच्या तत्कालीन संचालिका तमारा रोहो यांनी लियम स्कार्लेट, रसेल मॅलिफंट आणि अक्रम खान या तीन समकालीन नृत्यरचनाकारांकडून त्यासाठी नवी बॅले बसवून घेतली. परीकथा आणि राजहंस यांच्या सोबतीने वाढलेल्या या कलेला त्यांनी खंदकांत, दारूगोळ्याच्या कारखान्यांत आणि विधवांच्या घरांत नेऊन उभे केले.

त्यातील अक्रम खान यांच्या रचनेचे नाव 'डस्ट', म्हणजे धूळ. प्रारंभी एका पुरुषाचे तडफडणारे शरीर दिसते. त्याच्यामागे नर्तकांची रांग हातात हात गुंफून लाटेसारखी हेलकावत राहते. पुढे स्त्रिया येतात. रणांगणावर गेलेल्या पुरुषांच्या जागी यंत्रांपुढे उभ्या राहिलेल्या आणि आपल्याच माणसांचा जीव घेणारी शस्त्रे घडविणाऱ्या त्या स्त्रिया आहेत. त्यांच्या हालचालींत बॅलेचे तरंगते लालित्य नाही. पाय भूमीत रोवलेले असतात आणि श्रमाचा ठेका अंगभर भिनलेला असतो.

तो ठेका कोठून आला? लंडनमध्ये एका बांगलादेशी कुटुंबात १९७४ साली जन्मलेल्या खान यांनी कथकचे शिक्षण गुरू प्रताप पवार यांच्याकडे घेतले, आणि पीटर ब्रूक यांच्या 'महाभारत' नाट्यात ते किशोरवयातच वावरले. भूमीशी नाते सांगणारा पदन्यास ही त्यांची गुरुकुलातील शिदोरी. संस्कृती कोणाची वंशावळ पाहत नाही, ती साधना पाहते. आपल्या परंपरेचे सामर्थ्य जगाला पटते ते अशा साधनेतून. केवळ घोषणांनी ते पटत नाही.

याच खान यांनी २०१८ साली 'झेनोस' हे एकल नृत्य सादर केले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ परका. त्याचा नायक हिंदी शिपाई आहे. घुंगरांची साथ सुटून चिखलाच्या खंदकात येऊन पडलेला तो नर्तक. परक्यांच्या युद्धात, परक्यांच्या भूमीवर मेलेला आणि पुढे स्वकीयांनाही परका झालेला हा शिपाई पाश्चात्त्य प्रेक्षकांना पाहावा लागला. प्रश्न असा, की तो आपण कधी पाहिला?

त्या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. त्यांतील सुमारे ७४ हजार परतले नाहीत. महाराष्ट्राचा वाटा तर मेसोपोटेमियाच्या वाळूत लिहिलेला आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. धान्य संपले तेव्हा घोडे मारण्यात आले. अनेक भारतीय शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारले. अंगावरचे मांस झडत असतानाही घरच्या चुलीचा धर्म त्यांनी सोडला नाही. अखेर सुमारे तेरा हजारांचे सैन्य शरण गेले आणि वाळवंटातील पायपिटीत व बंदिवासात हजारो मेले. सातारा-कोकणातील किती घरांत तेव्हा कुंकू पुसले गेले, कोणाच्या वाटेकडे डोळे लागून राहिले, याची नोंद एकाही रंगमंचावर नाही.

इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर १९२१ साली उभारलेली छत्री आहे. रुग्णालयात मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांना तेथे अग्नी देण्यात आला. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे स्मारक आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर नावे कोरलेली आहेत, पण त्याखाली आइस्क्रीम खाणाऱ्यांपैकी ती वाचतो कोण?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हे शिपाई तर साम्राज्यासाठी लढले. त्यांचे स्मरण राष्ट्रभक्तांनी का करावे? आक्षेप पोकळ नाही. त्याच १९१५ साली तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे हा मराठी तरुण मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला. शिपायांनी इंग्रजांविरुद्ध उठावे, म्हणून तो जिवावर उदार होऊन त्यांच्या बराकीत शिरला होता. नोव्हेंबरमध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह तो फासावर गेला. एकीकडे फासाचा दोर आणि दुसरीकडे कुतचा वेढा. एकाच वर्षाची ही दोन मराठी मरणे.

यांतील एकाचा गौरव करण्यासाठी दुसऱ्याला विसरण्याचे कारण नाही. पिंगळे ज्याच्याशी बोलायला गेला तो शिपाई शत्रू नव्हता, भाऊ होता. त्याची निष्ठा मिठाशी होती. ते मीठ आपल्याच भूमीतून लुटलेले होते, हे सांगणारा कोणी त्याला भेटायचा होता. राष्ट्र म्हणजे या दोघांनाही पोटात घेणारी माता. हे सत्य निबंधात रूक्ष वाटते. रंगमंचावर मात्र एक नर्तक बराकीच्या अंधारात दुसऱ्यापुढे हात पसरतो आणि तो हात धरला जात नाही, एवढ्यानेच प्रेक्षागृह स्तब्ध होईल.

असे घडविण्याची शक्ती आपल्यात नाही काय? बाबासाहेब पुरंदरे यांनी १९८५ साली 'जाणता राजा' उभे केले आणि हजारो कुटुंबांनी मुलाबाळांसह शिवकाल डोळ्यांनी पाहिला. परंतु त्यानंतर आपण बहुधा त्याच विजयगाथेच्या आवृत्त्या काढत राहिलो. विजय सोहळ्याला शोभतो. पराभव, उपास आणि द्विधा मन यांना पचविण्यासाठी प्रौढ कला लागते. कलाक्षेत्रात परके विचार शिरले म्हणून हळहळणारा आपला समाज नव्या नृत्यरचनेच्या प्रयोगाला तिकीट काढून किती वेळा जातो, हेही एकदा स्वतःला विचारावे. रिकाम्या खुर्च्यांपुढे कोणतीही संस्कृती नाचत नाही.

लंडनकरांनी आपले मृत आठवले, त्यात वावगे काही नाही. ते त्यांचे कर्तव्यच होते. आपल्या मृतांचे स्मरण हे मात्र आपले ऋण आहे. पितृपक्षात तीन पिढ्यांना पाणी देणाऱ्या समाजाने वाळवंटात तहानेने मेलेल्या आपल्या पणजोबांना ओंजळभर आठवण तरी द्यावी.