वय झालं म्हणे!

वरसोलीपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही कोळीवाड्यात कमरेतून वाकलेली म्हातारी दिसली, की आपण म्हणतो, वय झालं. वयाच्या माथी मारणे फार सोयीचे असते. मग कोणाला जाब विचारावा लागत नाही.

उभा जन्म डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेल्या बाईचे गुडघे धरतात, पावसाळ्यात दम लागतो. कोणीतरी कागदाच्या पुडीत बिननावाच्या गोळ्या बांधून देतो. दोन दिवसांत बाई उठून बाजारात बसते आणि सारी आळी म्हणते, हाताला गुण आहे! तो गुण पुष्कळदा हाताचा नसतो, स्टेरॉइडचा असतो. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन ही औषधे चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे, तरी ती सर्रास मिळतात. सांधेदुखीवरच्या 'जडीबुटी'च्या भुकटीतही हेच मिसळलेले देशात वारंवार सापडले आहे.

स्टेरॉइड हे विष नाही. १९४८ साली अमेरिकेत संधिवाताने जखडलेली एक रुग्ण कॉर्टिझोन या स्टेरॉइड संप्रेरकामुळे काही दिवसांत चालू लागली आणि १९५० साली त्या संशोधनाला नोबेल मिळाले. दमा, ल्युपस, मूत्रपिंडाचे काही विकार यांत हे औषध आजही जीव वाचवते. पण शरीरातच या संप्रेरकाचा अतिरेक झाला तर हाडे ठिसूळ होतात, हेही डॉ. हार्वे कुशिंग यांनी १९३२ सालीच लिहून ठेवले होते. स्टेरॉइड हाड बांधणाऱ्या पेशींना थोपवते, आतड्यातून कॅल्शियम शोषू देत नाही, वर शरीरातली लैंगिक संप्रेरकेही कमी करते. सर्वांत जास्त झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, आणि रोजच्या अडीच मिलिग्रॅमसारख्या लहान डोसानेही मणका दबण्याचा धोका वाढतो.

आता पाळी गेलेल्या बाईचा विचार करा. हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालणारे इस्ट्रोजेन तिच्या अंगात आधीच आटलेले असते. त्यावर ही पुडी! अशा बाईला, पाळी जाऊन फार वर्षे झाली नसतील आणि स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास नसेल तर, इस्ट्रोजेन देऊन हाडे राखता येतात. गर्भाशय शाबूत असल्यास सोबत प्रोजेस्टेरॉन लागते. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने या उपचाराचे धोके दाखवले, तसे खुब्याचे हाड मोडणे कमी होते हेही दाखवले. त्या धोक्यांमुळे बहुतेकींना आधी आठवड्याची अॅलेंड्रोनेटची गोळी देतात, आणि मणके मोडू लागलेच तर टेरिपॅराटाइडचे रोजचे इंजेक्शन. तेही एका संप्रेरकाचाच तुकडा. उपाय आहेत. ते तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत, कारण पाळी गेली का, कधी गेली, हे तिला कोणी विचारतच नाही. घरात तो विषय काढायची लाज, दवाखान्यात वेळ नाही. आपल्याच राज्यात बीडच्या तेरा हजारांहून अधिक ऊसतोड बायांची गर्भाशये काढल्याचे २०१९च्या सरकारी समितीसमोर आले. बाईचे शरीर काम थांबू नये एवढ्यापुरतेच पाहायची आपली रीत जुनी आहे.

आणि पैसा नाही म्हणू नका. हळदीच्या रात्री मांडव, डीजे, मटण, दारू यांवर लाखभर उधळणारे घर हाडांची घनता मोजायला आईला नेत नाही. ती पडली, खुब्याचे हाड मोडले, की मात्र सगळे भाऊ मुंबईच्या इस्पितळात धावतात.

अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ जमीन न कसता खोताला जाब विचारला. त्यांची नातवंडे पुडी बांधणाऱ्याला गोळीचे नाव विचारायला कचरतात!

तुमच्या घरात आई, आत्या, सासू तीन महिन्यांहून अधिक काळ दम्याची किंवा गुडघ्याची गोळी घेत असेल, तर त्या गोळीचे नाव आणि डोस लिहून मागा. सांगत नसेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात जा, पाळी कधी गेली ते न लाजता सांगा, आणि हाडांसाठी काय देता ते विचारा. तोवर ती गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका; त्याने जीव जाऊ शकतो.