वाफा सर्वांचा, पाणी एकटीचं

आमच्या अंगणात फुलांचा एक वाफा आहे. उर्दूत आम्ही त्याला क्यारी म्हणतो. लांबी १२ फूट, रुंदी जेमतेम ४ फूट. या जूनमध्ये दोन पाऊस पडल्यावर एका रविवारी साफ करायला घेतला, तेव्हा त्यात १९ प्रकारची झाडं निघाली. त्यातली निम्मी मीच आणलेली. प्रदर्शन भरलं की एक रोप, शिक्षक दिनाला मुलांनी दिलेली दोन, कुणाच्या घरून मागून आणलेली फांदी. आणणारा मी, आणि पाणी घालणारी अम्मी. वय ७१, गुडघे दुखरे.

भुसावळचा उन्हाळा सांगायला नको. पारा ४५ च्या वर जातो. तापी जवळ असली तरी आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. मे महिन्यात अम्मी वुजूचं आणि भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून संध्याकाळी वाफ्याला घालायची. एकदा मी म्हणालो, "अम्मी, क्यारी सुंदर दिसत नाही हल्ली." ती म्हणाली, "बेटा, लगाते तुम हो, पानी तो मेरे को डालना पडता है." या एका वाक्याने मला रविवारी हातात खुरपं घ्यायला लावलं.

ओळखीचे एक शिक्षक म्हणाले, "आपल्या रखरखीत मुलखात हिरवं झाड कशाला उपटता?" प्रश्न चुकीचा नाही. पण आपल्या केळीवाल्या शेतकऱ्याला विचारा. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं तो वेळोवेळी कापतो, कारण सगळी ठेवली तर घड पोसत नाही. पुढच्या बागेसाठी एखादंच पील राखतो. त्याला कुणी झाडांचा वैरी म्हणत नाही. आमच्या वाफ्यात गुलाबाला वारा मिळत नव्हता, म्हणून पिठ्या ढेकूण बसला होता. मोगरा बोगनवेलीच्या सावलीत नुसता पानांनी वाढला होता. हिरवं भरपूर आणि फूल एकही नाही, अशी गत.

आधी गाजर गवत काढलं, फुलावर येण्यापूर्वी आणि हातमोजे घालून, कारण त्याने अंगाला खाज सुटते. बोगनवेल कुंपणाच्या कोपऱ्यात गेली. जास्वंद शेजारच्या काकूंनी हौसेने नेली. त्यांना गणपतीला लाल फूल लागतं. शोभेची पानं शाळेच्या व्हरांड्यात कुंड्यांत लावली. काही झाडं जगणारच नव्हती, ती खतात गेली. काय ठेवायचं ते मात्र अम्मीने ठरवलं : मोगरा, गुलाब, सदाफुली आणि नातींसाठी मेहंदी. चारच. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात आणि मोगऱ्याची थंडी सरताना करायची, एवढं मी माझ्या अंगावर घेतलं.

बीबी का मकबऱ्याची बाग पाहिलेल्यांना आठवेल. चार चौकोन, मधून सरळ वाटा आणि पाण्याची जागा. त्या चारबागेत पाणी कुठून जाणार, माणूस कुठून चालणार, हे आधी ठरलेलं दिसतं. आपण मात्र आधी रोप आणतो आणि पाण्याचा विचार नंतर दुसऱ्या कुणावर सोडतो. तो दुसरा कुणी म्हणजे बहुतेक घरांत आई, बायको किंवा सून असते. आपल्या हौसेची बादली तिने उचलावी, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. मीही धरलं होतं.

आता वाफ्यात मोकळी काळी माती दिसते. पाहुण्यांना तो ओकाबोका वाटतो. उन्हाळ्यात १० बादल्या लागायच्या, पुढच्या वर्षी ४ पुरतील असा माझा अंदाज आहे, आणि त्या मी उचलणार आहे.

या पावसाळ्यात वृक्षारोपणाचे फोटो खूप निघतील. झाडं जरूर लावा. फक्त खड्डा खणण्याआधी घरात एकदा विचारा : मे महिन्यात याला पाणी कोण घालणार?