हयातीचा दाखला

मायक्रोसॉफ्टच्या 'कॉन्फिगरेशन मॅनेजर'मध्ये प्रत्येक संगणक ठरावीक दिवसांनी, एरवी ७ दिवसांनी, 'मी आहे' असे कळवतो. याला 'हार्टबीट' म्हणतात. आम्हां पेन्शनरांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखलाच म्हणा ना!

विंडोज नव्याने टाकले की कधी कधी एकाच संगणकाच्या दोन नोंदी होतात. जुनी काढलीच पाहिजे, नाहीतर पटसंख्या उगाच फुगते. पण निरोप आला नाही म्हणजे संगणक गेला, असे नव्हे. त्यातला क्लायंट बंद पडला असेल, नेटवर्क तुटले असेल. ते आधी पाहावे. चालू संगणकाची नोंद चुकून पुसली, तर पुढच्या हार्टबीटला तो आपसूक पटावर येतो. माणसाला मात्र कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

म्हणून मंडळी, नाव खोडण्याआधी एकदा हाक मारून पाहावी.