केबल ठेवायची की तोडायची?

महिन्याची पाच-सहा तारीख आली की वस्तीत केबलवाला दारोदार फिरू लागतो. कोणाच्या घरी तीनशे, कोणाच्या घरी साडेतीनशे, आणि ज्याने सगळ्या वाहिन्या घेतल्या त्याच्या घरी त्याहूनही अधिक. वाणी, दूध, वीजबिल, मुलांची फी, मोबाईलचा रिचार्ज हे सारे भागवून झाल्यावर केबलचे पैसे काढताना आज अनेक घरांत एकच प्रश्न निघतो : ही केबल ठेवायची की तोडायची? हा घरगुती प्रश्न अग्रलेखाचा विषय कसा, असे काहींना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. कष्टकऱ्याच्या खिशातून वर्षाला साडेतीन-चार हजार रुपये जिथे जातात आणि ज्या पडद्यावरून जगाची बातमी त्याच्या घरात येते, तो व्यवहार तपासून पाहणे हे चळवळीचेच काम आहे.

आधी हे पैसे कुठे जातात ते पाहू. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरपद्धती लागू झाली. ग्राहकाने हवी ती वाहिनी घ्यावी आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत, असा तिचा डंका होता. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये जोडणी शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या द्याव्यात असे ठरले. पैसे लागणाऱ्या वाहिन्यांची किंमत त्यावर वेगळी. कागदोपत्री ग्राहक राजा झाला. प्रत्यक्षात काय घडले? सुटी वाहिनी घ्यायला गेले तर महाग आणि दहा-बारा वाहिन्यांचा गठ्ठा घेतला तर स्वस्त, असे भाव कंपन्यांनी लावले. एक मालिका पाहण्यासाठी कधीही न पाहिल्या जाणाऱ्या दहा वाहिन्या गळ्यात पडल्या. पुढे जुलै २०२४ मध्ये ट्रायने जोडणी शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. ते किती लावायचे हे पुरवठादाराच्या मर्जीवर गेले.

म्हणून केबल तोडण्याच्या आधी एक सोपे काम प्रत्येक घराने करावे. केबलवाल्याकडून आपल्या वाहिन्यांची यादी मागून घ्यावी. महिनाभरात घरातल्या कोणी कोणती वाहिनी पाहिली, त्यावर खुणा कराव्यात. दोनशे वाहिन्यांच्या यादीत अशा खुणा दहा-पंधराच्या वर जाणार नाहीत, असे आम्ही पैजेवर सांगतो. त्यातल्याही काही वाहिन्या मोफत असतात. बाकीचा गठ्ठा काढून टाकला तर केबल न तोडताही बिल बरेच खाली येते. यादी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तो मागताना संकोच कशाला?

यादी करूनही बिल झेपत नसेल तर दुसरा मार्ग आहे आणि तो सरकारीच आहे. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने ३३ वाहिन्यांसह ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाची सेवा सुरू केली. आज ती ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. छत्री आणि बॉक्स मिळून साधारण दीड-दोन हजार रुपये एकदाच भरायचे, पुढे दरमहा एक पैसाही नाही. घरावर जुन्या डीटीएच कंपनीची छत्री गंजत पडली असेल तर बहुधा तीच वळवून वापरता येते, बॉक्स तेवढा नवा लागतो. बॉक्स घेताना एमपेग-४ चाच घ्यावा, म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही प्रकारच्या वाहिन्या लागतात. छत्रीचे तोंड आपल्याकडे आग्नेयेला करावे लागते. त्या दिशेला समोर इमारत किंवा झाड नको. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत खिडकी भलत्या दिशेला असते. तिथे गच्चीवर छत्री लावू देण्याचा निर्णय सोसायटीने सर्वांसाठी मिळून घ्यावा.

हिशोब सरळ आहे. महिन्याला तीनशे म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. दर वाढले नाहीत असे धरले तरी पाच वर्षांत १८,००० रुपये. फ्री डिशचे पाच वर्षांचे दोन हजार. उरलेल्या सोळा हजारांत एका मुलाच्या कॉलेजच्या पुस्तकांचा आणि प्रवासाचा बराच भार उचलला जातो. साडेचार कोटींच्या आसपास घरांनी ही छत्री लावल्याचा अंदाज या धंद्यातली मंडळीच सांगतात. सशुल्क डीटीएचचे ग्राहक २०२० मध्ये सात कोटी होते, ते २०२४ अखेर सहा कोटींच्याही खाली आले. तेव्हा केबल तोडली तर शेजारीपाजारी काय म्हणतील, ही भीती मनातून काढून टाकावी. शेजारीही हाच हिशोब करीत आहे.

पण फ्री डिशची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिथे खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने मिळते आणि बोली कोट्यवधी रुपयांच्या लागतात. त्यामुळे वाहिन्या येतात आणि जातात. २०१९ मध्ये बड्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या तिथून काढून घेतल्या, २०२० मध्ये परत आणल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. गरीब प्रेक्षक हवा तेव्हा गिऱ्हाईक आणि नको तेव्हा वाऱ्यावर! झी मराठी, स्टार प्रवाह यांसारख्या पैसे मोजून घ्याव्या लागणाऱ्या वाहिन्यांवरच्या मालिका ज्या घरात रोज पाहिल्या जातात, तिथे छत्री लावण्याआधी हे सांगून टाकावे. घरातल्या बाईची संध्याकाळची एक मालिका परस्पर बंद करायची आणि स्वतः मात्र मोबाईलवर सामना पाहायचा, याला आम्ही काटकसर म्हणत नाही.

क्रिकेटचा विषय निघाला आहे तर एक कायदाही ठाऊक असू द्यावा. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावे लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनला स्वतःच्या जाळ्यावरूनच दाखवता येईल, केबलवाल्यांमार्फत नाही. म्हणजे भारताचा जो सामना फ्री डिशच्या दूरदर्शनवर फुकट दिसतो, तोच केबलवरच्या दूरदर्शनवर दिसत नाही. आयपीएल या कायद्यात येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. काठीवरच्या जुन्या अँटेन्याची आशा मात्र धरू नये. दूरदर्शनने ते जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद केले आहेत.

तिसरा मार्ग तरुण मंडळी सुचवतात. टीव्ही हवाच कशाला, मोबाईलवर सगळे दिसते! याचाही हिशोब मांडू. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. २९९ च्या दराने एका फोनचे ३,८८७ रुपये झाले आणि दोन फोनचे ७,७७४. फोन बोलण्यासाठी लागतोच, तो खर्च टळत नाही, हे खरे. पण साध्या दर्जाच्या चित्रालाही तासाला अर्धा ते पाऊण जीबी लागतो. दीड जीबी दोन-तीन तासांत संपतो, आणि तोही एकट्याने पाहिले तर. टीव्ही घरातली पाच माणसे एकत्र पाहतात, मोबाईल एकटा पाहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याजोगा मोबाईल होता. टीव्ही काढला आणि फोन कर्त्या पुरुषाच्या खिशात कामावर गेला, तर घरात उरलेल्या आई, आजी आणि लेकींच्या हाती काय राहिले? प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाचे ॲप मोफत दिले आहे, पण तेही चालायला डेटाच लागतो. घरात तीन-चार फोन असतील आणि मुले इंटरनेटवर अभ्यास करीत असतील, तर सगळ्यांचे मोठे पॅक बंद करून एक ब्रॉडबँड घेणे आणि जोडीला फ्री डिश ठेवणे, हे काही घरांना स्वस्त पडेल. प्रत्येक घराचे गणित वेगळे असते, ते ज्याने त्याने मांडावे.

मोफत पडदा हाताशी असणे किती मोलाचे असते, ते टाळेबंदीने दाखवून दिले. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ऑनलाईन वर्ग भरू लागले आणि ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता ती मुले शिक्षणाबाहेर फेकली गेली. त्या वेळी सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ती पाहायला ना रिचार्ज लागत होता, ना वर्गणी. घरात नुसता टीव्ही आणि छत्री असली तरी पुरे होते. शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महापुरुषांचे नाव घेणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

आणखी एका माणसाचा विचार केल्याशिवाय हा विषय संपत नाही. तो माणूस म्हणजे आपल्या वस्तीतला केबलवाला. नव्वदच्या दशकात नोकरी न मिळालेल्या कित्येक पोरांनी गच्चीवरून गच्चीवर वायर टाकून हा धंदा उभा केला. डिजिटल सक्तीनंतर सगळी सूत्रे बड्या कंपन्यांकडे गेली आणि हा पोरगा त्यांचा वसुली कारकून होऊन बसला. देशातली सशुल्क टीव्हीची घरे २०१८ मधल्या पंधरा कोटींवरून २०२४ मध्ये अकरा कोटींवर आली, असे या उद्योगाचाच अंदाज सांगतो. त्याची झळ प्रथम याला बसते. वाहिनीचे भाव हा ठरवीत नाही. तेव्हा बिलावरून त्याच्याशी दारात भांडण्यात अर्थ नाही. केबल तोडायची तर सरळ सांगून तोडावी. मागची बाकी चुकती करावी, बॉक्सवर अनामत दिली असेल तर ती परत मागावी आणि जोडणी बंद केल्याची पावती घ्यावी. आणि या पोरांनीही काळ ओळखून ब्रॉडबँड आणि छत्र्या बसवण्याच्या कामाकडे वळावे, असे आमचे त्यांना सांगणे आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या खटल्यात निकाल दिला की, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मालमत्ता जनतेची असेल तर तिच्यावरची जागा ज्याची थैली मोठी त्यालाच का मिळावी? १९२० मध्ये पैसे देऊ केले तरी ‘मूकनायक’ची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. आज नकार कोणी तोंडाने देत नाही, लिलावाचा आकडाच तो देतो. मे २०१९ मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका स्टार प्रवाहवर सुरू झाली, तेव्हा ज्यांना ती पाहायची होती त्यांना ती वाहिनी विकत घ्यावी लागली. नागपुरातून सुरू झालेल्या लॉर्ड बुद्धा टीव्ही आणि आवाज इंडिया टीव्ही या वाहिन्या समाजाने आपुलकीने पाहिल्या. अशा वाहिन्यांनी करोडोंच्या बोली कुठून लावायच्या?

म्हणून आमची मागणी अशी की, फ्री डिशवरच्या काही जागा लिलावाच्या बाहेर काढाव्यात. त्या मराठी आणि इतर प्रादेशिक भाषांतील शिक्षणाच्या, शेतीच्या आणि सामाजिक विचारांच्या वाहिन्यांना नाममात्र शुल्कात द्याव्यात. सह्याद्रीला पुरेसा पैसा द्यावा. फुकट मिळते म्हणून गरिबाने कसलेही पाहावे, ही वृत्ती आम्हाला मान्य नाही. रेशनचा तांदूळ किडका निघाला तर आपण मोर्चा काढतो. मग रेशनच्या पडद्याबद्दल गप्प का?

तोवर प्रत्येकाने आपल्या घरापुरते एवढे करावे. रविवारी सगळ्यांनी एकत्र बसावे, बाईमाणसांना आणि म्हाताऱ्यांना आधी बोलू द्यावे, वाहिन्यांच्या यादीवर खुणा कराव्यात आणि वर्षाचा आकडा कागदावर मांडावा. आपली माणसे, आपली भाषा आणि आपल्या विचाराच्या वाहिन्या कुठे दिसतात याची चौकशी करावी. मग केबल ठेवायची, कमी करायची की छत्री लावायची ते ठरवावे. वाचलेले पैसे दुसऱ्या रिचार्जमध्ये जाऊ देऊ नयेत. ते पोरांच्या पुस्तकांत घालावेत, वस्तीच्या वाचनालयाला द्यावेत. आणि वस्तीतल्या मंडळाने फ्री डिशवर मराठीला जागा मागणारे निवेदन सह्यांनिशी प्रसार भारतीकडे आणि आपल्या खासदाराकडे पाठवावे. लहरी जनतेच्या आहेत असे न्यायालयाने सांगून तीस वर्षे उलटली. मालकाने आता आपला हक्क मागितला पाहिजे.