राजसंमतीचें स्तोम

इंग्लंडच्या राजघराण्यांतील विवाहांच्या हकीकती आपल्या सुशिक्षित घरांतून मोठ्या आवडीनें वाचल्या जातात, आणि वाचून झाल्यावर कोणी वडीलधारे गृहस्थ हटकून उद्गारतात, "कुलाची मर्यादा राखावी ती त्यांनींच!" ही मर्यादा कोणी राखली, आणि कोणाच्या जिवावर राखली, हें एकदां तपासून पाहणें अवश्य आहे.

१७७१ सालीं तिसऱ्या जॉर्ज राजाच्या धाकट्या भावानें ॲन हॉर्टन नांवाच्या विधवेशीं परस्पर लग्न केलें. राजा संतापला, आणि १७७२ सालीं त्यानें पार्लमेंटाकडून राजविवाहाचा कायदा करून घेतला. परदेशीं दिलेल्या राजकन्यांची संतति वगळून दुसऱ्या जॉर्जच्या कोणाहि वंशजानें राजाच्या संमतीवांचून केलेलें लग्न हें लग्नच नव्हे, असें या कायद्यानें ठरविलें. पंचविशी उलटलेल्यांना प्रिव्ही कौन्सिलास वर्दी देऊन वर्षभर थांबण्याची एक अरुंद वाट तेवढी ठेविली होती.

या कायद्यानें राजपुत्रांचें वर्तन सुधारलें काय? खुद्द युवराजानेंच १७८५ सालीं मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशीं गुप्तपणें लग्न लाविलें. दोन वर्षांनीं कॉमन्स सभेंत त्याच्या मित्रानें, फॉक्सनें, असें लग्न झालेंच नाहीं म्हणून सांगितलें. पुढें कर्ज फेडण्याच्या आशेनें १७९५ सालीं युवराजानें ब्रन्स्विकच्या कॅरोलाइनशीं विधियुक्त विवाह केला. राजसंमतीच्या या विवाहाचें फळ असें कीं, १८२१ सालीं पतीच्या राज्याभिषेकाच्या दिवशीं कॅरोलाइन राणीला वेस्टमिन्स्टर ॲबेच्या दारांतून परत फिरावें लागलें! युवराजाच्या ऑगस्टस नांवाच्या भावानें १७९३ सालीं ऑगस्टा मरे हिच्याशीं केलेलें लग्न दुसऱ्याच वर्षीं रद्द ठरलें; तिच्या मुलानें पित्याच्या पदव्यांवर सांगितलेला हक्क १८४४ सालीं लॉर्डांच्या सभेनें फेटाळला. लग्न पुरुषानें केलें. कलंक मात्र स्त्रीच्या व लेकराच्या माथीं आला.

यावर कित्येक म्हणतील कीं, सिंहासनाचें आचरण सर्व राष्ट्रापुढें असतें, म्हणून तेथें व्यक्तीनें त्याग केलाच पाहिजे. त्यागाला आमची ना नाहीं. पण त्यागाचा नियम एक असावा. १९५५ सालीं राजकन्या मार्गारेट हिनें चर्चच्या शिकवणुकीला स्मरून घटस्फोटित टाउनसेंडचा नाद सोडला. तिचाच भाचा चार्ल्स १९९६ सालीं स्वतः घटस्फोटित झाला. २००५ सालीं त्यानें घटस्फोटित कमिलेशीं राणीच्या संमतीनें विवाह केला, आणि २०२३ सालीं तिला राणीचा मुकुट चढला. तें पाहावयास मार्गारेट उरली नव्हती. ती २००२ सालींच वारली. आम्ही कमिलेला दोष देत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, पन्नास वर्षांत जी विरघळून गेली, ती मर्यादा धर्म होता कीं नुसती सोय?

२०१३ च्या कायद्यानें, जो २०१५ पासून अमलांत आला, जुना कायदा रद्द केला. आतां वारसाक्रमांतील पहिल्या सहा जणांनाच संमति लागते, आणि ती न घेतल्यास वारसा जातो, लग्न टिकतें. जवळजवळ अडीचशें वर्षांनीं सुचलेलें हें शहाणपण होय. वडिलांची संमति सल्ला म्हणून अमोल आहे. परंतु तिच्या हातीं शस्त्र दिलें कीं तें घरांतील दुबळ्यावरच चालतें. मर्यादेची वाखाणणी करणाऱ्या गृहस्थांनीं आपल्या माजघरांत पाहून याचा विचार करावा.